कलेक्टरची टोपी

लेस्टर, तुझ्या गोळीनं मी एकशे बारा वेळा मेलो.
कधी नागभीडला, कधी सावलीच्या मंडईत,
शंकरपटाची धूळ अजून खाली बसायची असे
आणि तू घारे डोळे वटारून हुकूम सोडायचास.
मी पडण्याआधी बघून घ्यायचो
सतरंजीत खिळा कुठं आहे ते.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात जन्मलास,
बाप गार्ड, आजाही गार्ड.
विलायत तू पाहिलीस ती बिस्किटाच्या डब्यावर.
पण कातडी गोरी, म्हणून हर नाटकात
कलेक्टर, जेलर, फार तर एखादा दयाळू पाद्री,
आणि जाहिरातीत तुझं नाव: व इतर.

कुहीला एक म्हातारी वहाण घेऊन स्टेजवर चढली.
तू टोपी काढलीस, डोकं पुढं केलंस.
"मार बाई. पण मी अजनीचा आहो वो,
साहेब कायचा, मालगाडीचा गार्ड आहो."
माणसं हसली. म्हातारी नाही हसली.
तिनं तुझं टक्कल निरखलं, वहाण पायात घातली.
"मंग असली कामं काहून करतं रे बाप्पा?"
पहाटेच्या छोट्या गाडीत
इतवारी येईस्तोवर तू बोलला नाहीस.

चौऱ्याहत्तरच्या संपात तुला धरायला आलेल्या फौजदारानं
आधी चुकून सलाम ठोकला,
मग वॉरंट वाचलं.
"तुमच्यासारखा माणूस या लोकांत?"
तू खाटेखाली दुसरी चप्पल शोधत होतास.
म्हणालास, "थांबा. या लोकांतूनच येतो."

नोकरी गेली, क्वार्टर गेलं.
मग कलेक्टरच तुला पोसू लागला.

त्या हिवाळ्यात दर मध्यंतराला
अर्धी मिशी लोंबत, टोपी उलटी धरून
तू पडद्याबाहेर यायचास:
"काढून टाकलेल्या गँगमनच्या लेकरांसाठी द्या.
मले शिव्या, त्यायले पैसे."
शिव्या देणारेच चिल्लर टाकायचे.
कुणी एकानं वांगं टाकलं,
रागानं की मायेनं, आपल्याला कळलं नाही.
तू ते चुलीत भाजलंस, अर्धं मला दिलंस.

दुसऱ्या अंकात टोपी डोक्यावर ठेवलीस
की एखादं अडकलेलं नाणं
तुझ्या कानामागून फळीवर पडायचं.
मेल्या मेल्या मी ऐकायचो,
चार आणे की आठ आणे.

जरीपटक्याच्या कब्रस्तानात नात्याचे तिघंच.
बाकी झाडूवाले, गँगमन, आपला तबलजी
आणि कंपनीची म्हातारी नटी, रडण्यात कसलेली,
त्या दिवशी तिला रडू येईना.
पाद्री इंग्रजीत वाचत राहिला.
आम्ही टोप्या काढून उभे, आपलं वाक्य कधी येईल म्हणून.

तुझी टोपी माझ्याकडे आहे.
आतल्या चामड्याच्या पट्टीवर पेन्सिलीनं हिशोब:
कुही, एक्केचाळीस रुपये.
त्याखाली वेगळं: वहाणवाली, चार आणे.
नागभीड साठ, एक नाणं खोटं.
सावलीपुढचा आकडा घामानं पुसला आहे.
मला आठवतं, तिथं मी नीट पडलो नव्हतो.