ओझर ते शारजा, प्रवासकाल

रकाना चौथा: अंतर.
मी लिहितो, अठराशे किलोमीटर, अंदाजे.
रकाना पाचवा: प्रवासकाल.
तीन तास.
खाली सही, सहीखाली शिक्का.
थंडीत शिक्क्याची शाई घट्ट होते
म्हणून डबी काखेत धरून बसतो.

पिंजऱ्यांत नऊशे बोकड,
सिन्नरचे, येवल्याचे, काही पार साक्रीकडचे.
कानात पिवळा बिल्ला.
कुणी पाणी प्यायलं, कुणाचा खूर सुजलाय,
सगळं माझ्या अक्षरात.
निफाडला पारा पाचावर आलाय,
धावपट्टीपलीकडे लोक शेकोट्या पेटवून
द्राक्षांना ऊब देतायत.
विमान त्या धुरातूनच वर जातं
आणि बराच वेळ
बेंबटण्याचा आवाज कानातून जात नाही.

आई विचारते, किती लांब रे ते?
किलोमीटर तिला कळतात,
पण ती अंतर एसटीत मोजते.
वणीची गाडी: दीड तास, लिमलेटच्या दोन गोळ्या.
म्हटलं, वणीला जायचं नि परत यायचं.
तेवढंच?
तेवढंच.
मग वाल्मीक सहा वर्षं कुठं अडकलाय,
पिंपळगावच्या टोलनाक्यावर?

बोकडांना मुंबईला जावं लागत नाही.
वाल्मीकला नेलं तेव्हा
रात्री नऊला निघालो, कसाऱ्याच्या घाटात जीप तापली,
त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं.
त्याच्याआधी वैद्यकीय, वैद्यकीयच्या आधी एजंट,
एजंटाच्या आधी आईच्या पाटल्या.
सगळं धरलं तर त्याचा प्रवासकाल
अकरा महिने भरतो.

आणि ते दीड तासाचं.
इथून पहाटे चारला उडालेलं विमान
तिथं साडेपाचला टेकतं.
मी आईपुढं दोन घड्याळं मांडली,
एक माझं, एक पतसंस्थेनं दिलेलं भिंतीवरचं.
काटे फिरवून दाखवले.
ती म्हणाली, म्हणजे जाताना सूट देतात.
आणि येताना?
येताना साडेचार तास.
ती मेथी निवडत राहिली,
पानं परातीत, काड्या पेपरावर.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
वसूल करतात तर.

परवा त्याचा फोन आला.
कार्गोत एसी दुरुस्तीला गेला होता,
रिकाम्या पिंजऱ्याच्या फटीत
बाभळीची शेंग सापडली.
आपल्या बांधावरची असेल का रे?
म्हटलं, आपली बाभूळ कुठं राहिलीय,
रस्ता रुंद झाला तेव्हाच गेली.
साक्रीची असेल.
नाही, आपलीच, तो म्हणाला,
आणि शेंग खुळखुळवून ऐकवली.
मला ती लाइनचीच खरखर वाटली.
आईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता.

आज पुन्हा तोच फॉर्म, तीन प्रतींत.
रकाना नववा: परतीचा प्रवास, असल्यास.
मी नेहमीसारखी आडवी रेघ मारतो.
कार्बन जुना झालाय,
तिसऱ्या प्रतीवर रेघ उमटत नाही.
पहिली विमानाबरोबर जाते, दुसरी कस्टमला.
तिसरी
ओझरला राहते.