सहावी फेरी

पाच फेऱ्या ब्रेक खरं बोलले.
सहावीत, विल्होळीच्या पुढच्या त्या भाड्याच्या ट्रॅकवर
सरळ पट्टा संपतो तिथे
तेजल बोरस्तेनं पाय दिला
आणि पेडल खाली गेलं, ओल्या गादीत गेल्यासारखं,
पार फळीपर्यंत.

टायरांची भिंत होती म्हणून.

गाडी टेम्पोवर घालून अंबडला आली.
गाळ्यात लतीफ मिस्त्रींनी चाक उतरवलं,
पॅडचा वास घेतला,
डिस्क माझ्या हातात दिली आणि चहा सांगायला बाहेर गेले.
निळी-जांभळी झाली होती,
दूध करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखी.
छिद्राछिद्रातून केसाएवढ्या चिरा.
नखानं मोजल्या. अकरा.

ती छिद्रं मी पाडली होती.
दिसायला भारी, म्हणून तिनं मागितली
आणि लेथवर अठरा वर्षं काढलेल्या माणसानं
ड्रिल लावलं, विचारलं नाही काही.
छिद्र पाडलं की तिथलं बीड जातं.
वेग चाकातून निघाला की त्याला कुठेतरी बसायचं असतं,
आणि मी त्याच्या बुडाखालचा पाट काढून घेतला होता.

चहा आला. मिस्त्रींनी ब्रेक ऑइलचं वय विचारलं.
"दोन पावसाळे," तेजल म्हणाली.
दोन पावसाळे हवेतलं पाणी पीत बसलेलं ऑइल
आधी उकळतं.
वाफ झाली की पाय वाफेलाच दाबतो,
कॅलिपरला कळतही नाही कुणी हाक मारली ते.

मग जाड डिस्क, मधून वारा जाईल अशी,
तोंडावर नुसत्या तिरक्या खाचा.
स्टीलची जाळी घातलेले पाइप.
बंपरच्या भोकातून चाकापर्यंत एक नळी, गार हवेसाठी.
आणि रेसचे पॅड, आठ हजारांचे,
तिनं दोन हप्त्यांत दिले.

जानेवारीत सकाळी सातला
मुंबई नाक्याच्या सिग्नलवर
तेच पॅड थंड होते. दगडावर दगड.
पुढच्या रिक्षाच्या मागे वीतभर उरली.
तिचा फोन आला, आवाज कापत होता.
मिस्त्री म्हणाले, "तापल्याशिवाय कामाला लागत नाही तो.
आमच्या जावयासारखा.
रस्त्याचे वेगळे, ट्रॅकचे वेगळे. बदलत जा."
मी हसलो नाही.

आता रविवारी डिस्कच्या कडेला
मी तीन ठिपके लावतो, हिरवा, केशरी, लाल.
ती नऊ फेऱ्या मारते, दहावी हळू,
ब्रेकला पाय न लावता, वारा खात.
पिटात आली की हँडब्रेक ओढत नाही,
मी चाकाखाली वीट सरकवतो.
डिस्क टिक्, टिक् करत निवते.
हिरवा पांढरा पडलाय.
केशरी कडेनं उडालाय.

लाल बघायला मी गुडघ्यावर बसतो
आणि ती हेल्मेटमधूनच विचारते, काय?
दर वेळी उत्तर द्यायला मला
जरा उशीर होतो.