प्रवासी एक

गच्चीवरच्या मशीन रूममध्ये पारा सत्तेचाळीस.
खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध
बोकारे काका फोनवर ओरडताहेत:
"अहो, कोणीतरी माणूस पाठवा!"

माणूस ब्रेक सोडतो,
ओढणी कमरेला खोचून
चाक फिरवतो हाताने, इंच इंच,
दोरांवरच्या पिवळ्या खुणा जुळल्या की थांबतो.

दार उघडलं.
घामानं निथळणारे काका
माझ्या खांद्यावरून मागे बघतात:
"मेकॅनिक कुठाय?"
"मीच."
"अरे वा!"

नऊ वर्षं झाली,
धरमपेठेत ऐकलं, मानेवाड्यात ऐकलं.
या 'अरे वा'चं वजन किती किलो
ते कुठल्याच लिफ्टच्या पाटीवर नसतं.

मग काकांनी पन्नासची नोट काढली
आणि दिली हेमराजला.
त्याला कामावर लागून तेरा दिवस झालेत.
त्यानं बॅटरी धरली होती.

उतरताना नोट चुरगाळत म्हणाला,
"ताई, ब्रेक सोडताना तुमचा हात नाही थरथरत?"
"थरथरते न बाप्पा."

फॉर्मवरचं छापील 'श्री.' खोडून
सही केली. लिहिलं:
लायनर झिजलेले, बदलणे.
प्रवासी एक. सुखरूप.

कोपऱ्यावर रसवंती. दोन ग्लास, बिनबर्फाचे.
हेमराजनं नोट मोडली,
उरलेले दहा
माझ्या काळ्या तळहातावर ठेवले.