घासू नका

तीन मिलीची बाटली, करंगळीच्या पेराएवढी.
शेफील्डला, ॲटरक्लिफ रोडवरच्या दुकानात
येमेनी मुक्बिलने काचेची कांडी
मनगटाला टेकवली आणि म्हणाला,
घासू नका. घासलं की रुसतं.
रुसणं पटलं. किंमत पटली नाही,
तरी घेतलं.

पहिला वास लवंगेचा, आणि मी हिरमुसले.
लवंग म्हणजे माझी नोकरी.
दिवसभर लोकांच्या दाढांत तीच भरते,
निळे हातमोजे, आ करा, आता थुंका.
एवढे पैसे मोजून
सोमवार कोण अंगाला लावून घेतं?

ट्राम येईपर्यंत मात्र लवंग मागे सरली.
मिरी आली, जायफळ, आणि मग काहीतरी काळं,
चिकट, सावकाश.
झाडाला जखम झाली की ते जे गाळतं
आणि विसरून जातं, तसलं.
डांबर म्हणावं तर गोड.
गोड म्हणावं तर घशात कडू उतरतं.
ऊद म्हणून पाहिलं, गुग्गुळ म्हणून पाहिलं,
राळ म्हणून पाहिलं. तिन्ही शब्द
पायात सैल, दुसऱ्याच्या चपलेसारखे.

स्पिरिटचे सेंट माणसाच्या आधी दारातून शिरतात.
तेलाचं तसं नाही. ते कातडीशी बोलतं,
आणि जवळ आलेल्याशी.

क्लिनिकमध्ये सेंटला बंदी आहे. पण हे कालचं,
आंघोळीला न जुमानलेलं,
हातमोज्याच्या कडेबाहेर बोटभर उरलेलं.
खुर्चीत मिसेस स्टॅनिफोर्थ, वय एक्क्याऐंशी,
गालात कापूस, दिव्यामुळे डोळे मिटलेले.
नाकपुड्या हलल्या.
कापूस काढला, तर पहिलं वाक्य
दाताबद्दल नव्हतंच:
“इथे व्हायोलिन कोण वाजवतं?”

त्यांचा नवरा. पोलादाच्या भट्टीवरून सुटला
की तसाच पबमध्ये.
गजाला राळ घास घास घासायचा,
टेबलावर पीठ सांडायचं, बिअरमध्येसुद्धा.
“वाजवायचा भयंकर,” त्या म्हणाल्या,
आणि माझं मनगट सोडेनात.
डॉक्टर घड्याळ बघत होते.
पुढचा पेशंट बाहेर खोकत होता.

रात्री निनादपुढे हात धरला. सांग, कसला वास?
त्याने हुंगलं. डोळे मिटून, खरंच विचार केला.
“फर्निचर,” म्हणाला.

हसले. पण चूकही म्हणवेना.
तेही एकेकाळी झाडच.