वीस लिटर

ओपुवोच्या बाजारात कावेझेंबी
कॅन कानाशी धरून हलवतो,
आत गंज खुळखुळला की परत ठेवतो.
निवडलेल्यात मूठभर खडी, घोटभर पेट्रोल,
अर्धा तास घुसळण. मग झाकणाचं रबर
नखानं दाबून पाहतो.

काठोकाठ भरू नको, म्हणतो,
उन्हात पेट्रोलही अंग फुगवतं.
टपावर नको. मागे, उभा,
पट्ट्याखाली जुन्या टायरची चकती.

तिसऱ्या दिवशी, कोरड्या पात्रात,
शेवटचा कॅन टाकीत उपडा केला.
एक बाई आली, बोट दाखवलं:
पाण्याला द्या.
झरा दोन कोसांवर.

तो झाकण उघडून तिच्या नाकाशी धरतो.
ती हुंगते.
रिकामा आहे, मोकळा नाही.
मान हलवते,
आणि हात मागे घेत नाही.