सुटे मणी

लग्नात आलेला स्लो कुकर
अकरा वर्षं खोक्यातच होता.
वाटणीत कुणी मागितला नाही,
म्हणून माझ्याकडे.

सकाळी कोर्टातून कागद घेऊन निघाले,
सीबीएसपाशी काळी द्राक्षं घेतली,
घडातून गळालेले सुटे मणी,
पाटीतले, स्वस्त.

कांदा, सुकी मिरची, गूळ, मीठ अंदाजानं.
त्यात फिरदोसनं वळून दिलेले खिम्याचे गोळे.
वसुमतीबाईंचं पनीर वेगळ्या पातेल्यात.
झाकण. बटण मंदवर.

"पाच तास?" रेवती म्हणाली,
"कढईत वीस मिनिटांत झालं असतं की!"
वीस मिनिटांत तर
माझं लग्नही ठरलं होतं.

मी दोनदा झाकणाला हात घातला,
फिरदोसनं दोनदा चापट मारली.
काचेवर वाफ येत राहिली, ओघळत राहिली.
मग केव्हातरी रस दाटला,
चमच्याला धरून राहिला.

रात्री इंदिरानगरच्या या दोन खोल्यांत
आठ बायका, टूथपिकची एकच डबी.
आधी गोड लागतं,
मिरची मागून येते, घशापाशी.
अभिनंदन कुणी म्हटलं नाही,
अरेरेही नाही.
वसुमतीबाई तेवढ्या पातेल्यात डोकावल्या,
"तळाला उरलंय का गं?
पोळीशी खाईन उद्या."