चाळीस शब्दांत

प्रत्येक कुत्र्याला चाळीस शब्द.
त्याहून जास्त कार्डावर मावत नाहीत,
आणि रेमेदियोस म्हणते, त्याहून जास्त कुणी वाचतही नाही.
ती तेहेतीस वर्षं पोस्टात होती.
माणसं काय वाचतात, काय न वाचताच फाडतात
तिला पाकिटाच्या जाडीवरून कळतं.

फेब्रुवारी सरतो, सशांच्या शिकारीचा हंगाम संपतो,
आणि बदाखोसच्या रस्त्यांवर
नुसत्या बरगड्या चालताना दिसू लागतात.
गाल्गो. ताणून ठेवलेल्या कमानीसारखं अंग,
नजर आधीच पुढच्या गावाला पोचलेली.
जागा साठांची. आज एकशे बारा.
काल तिघांना धुण्याच्या खोलीत ठेवलं,
परवा फेर्मिनच्या गाडीत, मागच्या सीटवर,
एक कुत्री व्याली.

मी कार्डं लिहिते.
आधी खोटं लिहायचे.
'शांत', म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसतो.
'खेळकर', म्हणजे दरवाजा खाल्ला.
मग गेंटहून एक कुत्री परत आली,
दोन हजार किलोमीटर, पट्ट्याला माझंच कार्ड अडकवलेलं
आणि खाली निळ्या शाईत :
हे कुणाबद्दल लिहिलंय?
तेव्हापासून खरं लिहिते.
शब्द पुरत नाहीत.

काळ्यांचं तर अवघडच.
फोटोत काळा कुत्रा म्हणजे दोन डोळे आणि एक भोक.
शाळा सुटली की इत्सियार येते,
मागे पिवळी चादर धरून उभी राहते, स्वतः चादरीआड.
खाली तिचे बूट येतातच.
नामूरच्या एका आजोबांनी कळवलं :
कुत्रा नको, पण बूट घातलेली चादर आवडली.

सत्तेचाळीस नंबरला नाव नव्हतं.
मानेच्या डाव्या बाजूला, चिप असते तिथे,
सुरीने उकरलेला खड्डा.
जखम भरली, केस काही परत आले नाहीत.
हात पुढे केला की डोळे मिटून घ्यायचा,
शेपूट पोटाला शिवून टाकल्यासारखं.
तीन आठवडे मला त्याच्यासाठी
एक शब्द सुचला नाही.

गुरुवारी एक माणूस आला.
टोपी हातात. बूट पुसून आत.
असंच, बघायला आलोय, म्हणाला.
पिंजऱ्यांसमोरून चालला
लसणाच्या वाफ्यातून चालावं तसा, जपून.
आणि सत्तेचाळीस उठला.
आधी शेपूट हललं, मग कंबर, मग अख्खा कुत्रा.
जाळीला तोंड घासत त्याने असा आवाज काढला
की पलीकडचे अकरा भुंकायचे थांबले.

माणसाने बोटं जाळीपर्यंत नेली.
मग खिशात घातली.
"हा तुमचा?" रेमेदियोसने विचारलं,
पार्सल कुणाचं विचारावं तशा आवाजात.
"छे. मी कधी कुत्रा पाळलाच नाही."
जाताना डब्यात पन्नासची नोट टाकली त्याने.
फेर्मिन ती तोंडावर फेकायला धावणार होता.
रेमेदियोस म्हणाली, "थांब.
खरजेचं औषध तेवढ्यालाच येतं."

सत्तेचाळीस अंधार पडेपर्यंत
फाटकाकडे बघत उभा होता.

त्या रात्री लिहिलं :
वय पाच-सहा. उजवा मागचा पाय थंडीत आखडतो. मांजरं नकोत.
हात पुढे केलात तर डोळे मिटून घेईल; हात तसाच राहू द्या.
शेपूट हलवता येतं, आम्ही पाहिलंय.
माणूस विसरत नाही. त्याचा त्रास होईल, तुम्हालाही.

बत्तीस भरले.
रेमेदियोसने मोजले, काही बोलली नाही,
तिकीट चिकटवलं.

रविवारी व्हॅन उत्तरेला गेली, एकोणीस घेऊन.
सोमवारी दुपारपर्यंत बावीस नवे.
मंगळवारी लिएजहून पत्र, थरथरत्या अक्षरात,
एकच चौकशी :
घरात दिवसभर रेडिओ चालू असतो. चालेल ना त्याला?

आम्हाला काय माहीत.
फेर्मिनने गाडीतला रेडिओ उपसून आणला, वायरींसकट,
सत्तेचाळीसच्या जाळीशी ठेवला.
कुठल्यातरी सामन्याचं वर्णन चालू होतं,
कुणीतरी गोल चुकवला होता.

एक कान वर आला.
दुसऱ्याची वाट बघतोय.